सरनोबतांच्या घरातली शुद्ध वीज

राजनंदिनीबाई सरनोबत घरातल्या कुठल्याही लोखंडी वस्तूला आधी उलटा हात लावत. फ्रिजला, वॉशिंग मशीनला, गीझरखालच्या नळाला. सवय इतकी मुरली होती की एकदा बँकेत पासबुक भरायला गेल्या, तर तिथल्या लोखंडी कपाटालाही त्यांनी उलटा हात लावून पाहिला आणि कारकून बघतच राहिला. कारण साधं होतं. सुलट्या हाताला शॉक बसला तर मूठ मिटते आणि माणूस चिकटतो. उलट्या हाताला बसला तर हात झटकला जातो आणि बाई पुढचा स्वयंपाक करायला शिल्लक राहते.

हे ज्ञान त्यांना नवऱ्यानं दिलेलं नव्हतं. नवरा, म्हणजे विजयसिंह सरनोबत सर, तीस वर्षं वारणानगरच्या बाजूला एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायला एसटीनं जात-येत होते. विजेचा सगळा धडा पोरांना शिकवून झाल्यावर घरात सांगायला काही उरत नसावं.

सम्राटनगरातलं घर सासऱ्यांनी एकोणऐंशी साली बांधलेलं. वायरिंगही त्यांच्याच हातचं, लाकडी पट्टीवरून गेलेलं. काळी गोल बटणं, दोन भोकांचे प्लग आणि अर्थिंगच्या नावानं शून्य. तेव्हा घरात चार दिवे, एक पंखा आणि एक रेडिओ होता, त्यामुळे चालून गेलं. पुढं फ्रिज आला, मिक्सर आला, मशीन आलं आणि भिंतींना ओल आली. राजनंदिनीबाई मार्च ते मे चटणीच्या ऑर्डरी घेत. कांदा, लसूण, खोबरं घरात मिक्सरवर वाटायचं आणि मग सगळं मिरच्यांबरोबर कांडायला डंकावर न्यायचं. तासन् तास त्या मिक्सरपुढं, शॉक नको म्हणून, लाकडी पाटावर उभ्या असत. लग्नात ज्या पाटावर त्यांना बसवलं होतं, तोच हा पाट. तेव्हा त्यांना वाटलं होतं, पाटाचं काम झालं.

"वैनी, तुमची मशीन मला चावती," धुण्याभांड्याला येणारी धोंडुबाई म्हणायची. "लोकं घरात कुत्रं पाळत्यात, तुमी मशीन पाळलीया. मी आपली हातानं धुतो कापडं."

"अहो, ऐकलंत का?" बाई आतल्या खोलीकडं तोंड करून विचारत. "वायरिंगचं काय करायचं?"

"अगं, ते किरकोळ लीकेज आहे. नगण्य. दिवाळीनंतर बघू."

कुठल्या दिवाळीनंतर, ते सरांनी कधी सांगितलं नाही आणि दिवाळ्या तर दरवर्षी येतच होत्या.

सर रिटायर झाले आणि त्यांना गाणं ऐकायचा नाद लागला. नाद चांगलाच. जोडीचे मास्तर प्लॉटिंगच्या दलालीत शिरले, एक जण तर सरपंचाच्या निवडणुकीला उभा राहिला, त्यामानानं गाणं हे कितीतरी घरंदाज व्यसन. पण सरांना गाणं ऐकायचं नव्हतं, आवाज ऐकायचा होता. त्यासाठी पुढच्या खोलीतला सोफा गेला, कारण तो खालचे सूर खात होता. काचेचं टीपॉय गेलं. भिंतीवरचा लेकीचा, अदितीचा, लग्नातला फोटोही गेला, कारण त्याची काच आवाज परत फेकत होती. फोटो आता फ्रिजवर होता. पुण्याहून आली की लेक विचारायची, "आई, मी काय केलंय?" सोफ्याच्या जागी एक अॅम्प्लिफायर आला, दोन माणसाएवढे स्पीकर आले आणि मधोमध एकच खुर्ची आली. एकच, कारण आवाज नीट फक्त तिथंच जमतो म्हणे.

मग सरांनी परसात खड्डा खणून घेतला. सात फूट. कढीपत्त्याचं झाड मध्ये येत होतं, ते काढलं. खड्ड्यात तांब्याची पट्टी, वर लोणारी कोळसा आणि मीठ. मीठ कमी पडलं, तेव्हा चटणीसाठी आणलेलं सहा किलो खडेमीठ त्यात ओतलं. ही खास अॅम्प्लिफायरची अर्थिंग. तिथून अंगठ्याएवढी हिरवी वायर निघाली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीवरून पुढच्या खोलीत गेली. मीटरपासून अॅम्प्लिफायरपर्यंत वेगळी जाड लाइनही आली.

"जाता जाता एक फाटा मशीनला द्या की," राजनंदिनीबाई म्हणाल्या.

"छे! फ्रिजची, मिक्सरची सगळी घाण माझ्या अर्थिंगमध्ये उतरेल."

बाईंनी खिडकीवरून जाणाऱ्या त्या सोवळ्यातल्या वायरीकडं पाहिलं आणि पाटावर चढून खोबरं वाटायला घेतलं.

अॅम्प्लिफायरसाठी खास फ्यूज आणला तो संग्राम इंगवलेनं. संग्रामचं राजारामपुरीत साड्यांचं दुकान. सरांपेक्षा पंचवीस वर्षांनी लहान, पण आवाजाच्या बाबतीत सर त्याला गुरू मानत. मखमली डबीत निळाशार, बोटाच्या पेराएवढा फ्यूज होता. चौदा हजार रुपये.

"डबी छान आहे," राजनंदिनीबाई म्हणाल्या. "माझ्या नथीला एवढी नव्हती. आत काय असतं हो ह्याच्या?"

"चांदीची तार, वहिनी. उणे दोनशे डिग्रीला गोठवलेली. बाजूनं मधमाशीचं मेण."

"केवढी तार?"

"अगं, लांबी नसते बघायची," सर वैतागले.

फ्यूजवर बाण होता. बाण कुठल्या दिशेला करायचा, ह्यावर गुरुशिष्यांची दीड तास चर्चा झाली. एका दिशेनं गायकाचा गळा मोकळा होतो, दुसऱ्या दिशेनं तंतुवाद्यं खुलतात. उजव्या सोंडेचा गणपती कडक म्हणून माणसं जपतात, तसे दोघं त्या पाऊण इंचाला जपत होते. राजनंदिनीबाई चहा घेऊन उभ्या होत्या. सरांच्या ट्यूशनच्या नोट्स पंधरा वर्षं त्यांनीच आपल्या सुवाच्य अक्षरात उतरवून काढल्या होत्या. त्यातलं अठरावं पान त्यांना आठवलं.

"अहो, घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढं जाते आणि पन्नास वेळा मागं येते ना? मग हा बाण नेमका कुणाला दाखवायचा?"

एकाच खुर्चीमुळं उभा राहिलेला संग्राम सरांकडं बघायला लागला.

"ते परीक्षेपुरतं असतं गं," सर म्हणाले.

फ्यूज बसला. सरांनी डोळे मिटले. कोयनेवरून निघालेली वीज डोंगर, ऊस, कावळ्यांची घरटी आणि कोपऱ्यावरचा केबलवाल्यांनी जखडलेला तो वाकडा खांब असं सगळं पार करून आली होती, आणि शेवटच्या पाऊण इंचात तिनं अंघोळ केली होती. "आहाहा," सर म्हणाले. "पण अजून मुरायला शंभर तास लागतील."

त्यासाठी अॅम्प्लिफायर बंद करायचा नाही, असा हुकूम निघाला. तो कायम उबेत राहायला हवा, बाळंतिणीसारखा.

मे महिन्यात सर दोन दिवस चुलतभावाबरोबर नृसिंहवाडीला गेले. संध्याकाळी पालखी बघायची आणि बासुंदी खाऊन यायचं, असा बेत. त्याच दिवशी दुपारी जोराचं वारं सुटलं, वाकड्या खांबावर फांदी पडली, घरातले दिवे एकदम भगभगीत झाले आणि गेले. तासाभरानं लाइट आली. फ्रिज घुरघुरला, पंखा फिरला, पण अॅम्प्लिफायरचा निळा दिवा काही लागला नाही.

सर नसताना, राजनंदिनीबाईंच्या राखणीत, अॅम्प्लिफायर गेला होता. त्यांनी बुद्धभूषण कांबळेला फोन लावला.

बुद्धभूषणचं शाहूपुरीत अॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं. तो उचगावचा, म्हणजे बाईंच्या माहेरचा, म्हणून त्यांना अक्का म्हणायचा. डिप्लोमाच्या आधी सरांच्या ट्यूशनलाही होता. उलट्या हाताची युक्ती बाईंना शिकवली ती त्यानंच, मिक्सर दुरुस्त करायला आला होता तेव्हा. आल्या आल्या त्यानं झाकण उघडलं, निळा फ्यूज काढून उजेडात धरला, मीटर लावून बघितला.

"मेला," तो म्हणाला. "आन् बरं झालं. ह्यो मेला म्हणून मशीन वाचलं."

"चौदा हजाराचा होता रे."

बुद्धभूषण सरांच्या खुर्चीतच बसला. "काय सांगता अक्का! अवो, फ्यूजचं काम एकच. येळ आली की मरायचं. आठ रुपयंवाला बी तेवढंच मरतोय. सरांनीच शिकवलंय की मला. तुमच्या अक्षरातल्या नोट्स अजून हायत माझ्याकडं."

त्यानं पिशवीतल्या पुडीतून साधा काचेचा फ्यूज काढला आणि बसवला. निळा दिवा लागला. "सरांना सांगा बरं का," जाताना तो म्हणाला.

"सांगते की."

मेलेला फ्यूज बाईंनी मसाल्याच्या डब्यात मेथ्यांच्या वाटीत ठेवला. मेथ्यांच्या वाटीत आजवर त्या घरातल्या कुठल्याही पुरुषानं बोट घातलं नव्हतं.

आणि त्या सांगणार होत्याच. पण सर शनिवारी रात्री आले ते झोपले, आणि रविवारी सकाळी संग्राम एका दातांच्या डॉक्टरांना घेऊन हजर. रविवारी अशी बैठक असे. एकेकानं आळीपाळीनं खुर्चीत बसायचं, बाकीच्यांनी भिंतीला टेकून त्याच्या चेहऱ्याकडं बघायचं. भूप लागला. राजनंदिनीबाई ट्रे घेऊन दारात थांबल्या. गाणं संपलं की सांगून टाकू, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

गाणं संपलं. संग्रामनं डोळे उघडले. "सर, काय केलंय काय तुम्ही? आज काहीतरी वेगळंच झालंय की!"

"तानपुऱ्यावरची धूळ पुसल्यासारखं वाटतंय," दातांचे डॉक्टर म्हणाले.

सरांनी सावकाश मान हलवली. "शंभर तास पुरे झाले. फ्यूज मुरला."

"चहा घ्या," राजनंदिनीबाई म्हणाल्या. "तो मुरला की कडू होतो."

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी पदर तोंडात कोंबला. पाटावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. पुढचे पंधरा दिवस त्यांचे फार मजेत गेले. सर फोनवर कुणाला तरी मुरलेल्या फ्यूजचं वर्णन करत आणि त्या फोडणीला मेथ्या काढत. इतकी करमणूक त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच मिळत होती. एवढं हत्यार हातात असून त्या नुसतं हसत बसल्या, ही मात्र त्यांची चूक. पुढं ती त्यांना फार लागली.

बुधवारी सकाळी मोरीतलं पाणी स्वयंपाकघरात आलेलं. अदितीनं पाठवलेल्या जाड चादरी होत्या, हातानं धुणं होण्यातलं नव्हतं. धोंडुबाई नको नको म्हणत मशीनकडं गेली आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून तिनं सुलट्या हातानं झाकण धरलं.

ती ओरडली नाही. तेच भयंकर होतं. नुसता घशातून एक आवाज आला, बादली लवंडली आणि धोंडुबाई झाकण धरून थरथरत उभी राहिली. राजनंदिनीबाईंनी पायाखालचा पाट उचलला आणि सगळ्या ताकदीनिशी तिच्या मनगटावर हाणला. हात सुटला. धोंडुबाई भिंतीला घसरत खाली बसली.

पुढच्या खोलीचं दार उघडलं. सर बाहेर आले.

"काय झालं गं? स्पीकरमध्ये मध्येच 'फट्' असा आवाज आला."

राजनंदिनीबाईंनी धोंडुबाईला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ईसीजीची पट्टी काढून छाती बघितली. डॉक्टर म्हणाले, नशीब. मनगट सुजलं होतं, पण ते पाटामुळं.

"वैनी, मी मेलो असतो की ओ," रिक्षात धोंडुबाई म्हणाली. एवढंच. त्यात कुत्र्याचा विनोद नव्हता. घराशी उतरताना म्हणाली, "आता न्हाई यायची मी. नातवंडं हायत मला."

दुपारी राजनंदिनीबाईंनी मेथ्यांची वाटी आणली आणि सरांच्या पुढ्यात उपडी केली. मेथ्यांमधून निळा फ्यूज घरंगळत आला.

"हा तुम्ही वाडीला गेलात त्याच दिवशी मेला. तेव्हापासून आत आठ रुपयांचा आहे. त्याच्यावर तुम्ही तिघं माना डोलावताय. धूळ पुसली म्हणे! चौदा हजार आणि आठ रुपये ह्यांतला फरक तुमच्या कानाला कळत नाही, आणि ह्या घरात आज एक बाई मरत होती ते 'फट्' म्हणून ऐकू आलं तुम्हाला. तेवढ्या पैशात वायरिंग झालं असतं."

त्यांना वाटलं होतं, सर खाली मान घालतील. निदान गप्प बसतील. सरांनी फ्यूज उचलला, चष्मा वर करून बघितला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं.

"म्हणूनच!" सर म्हणाले. "गेले पंधरा दिवस वरच्या सुरांत एक चरचरीतपणा येत होता. मी बोललो नाही इतकंच. बघितलंस, कान फसत नाही."

आणि त्यांनी संग्रामला फोन लावून दुसरा फ्यूज मागवला. धोंडुबाईबद्दलही ते बोलले, नाही असं नाही. "बिचारी," म्हणाले. "दिवाळीनंतर खरंच बघायला हवं."

त्या रात्री भांडी स्वतः घासताना राजनंदिनीबाईंना एक गोष्ट स्वच्छ कळली. बाईच्या जिवासाठी ह्या घराच्या भिंती फुटणार नाहीत. पण भूपासाठी फुटतील.

दुसऱ्या दिवशी त्या शाहूपुरीत गेल्या. बुद्धभूषणनं सगळं ऐकून घेतलं, धोंडुबाईचं ऐकताना हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"अक्का, मी खोटं बोलनार न्हाई. सर हायत ते माझे."

"खोटं कोण बोल म्हणतंय? तू खरं तेवढं बोल. बाकीचं त्यांचे ते ऐकतील."

संध्याकाळी सरांना वाढताना त्यांनी आवाज अगदी मऊ ठेवला. "अहो, काल धोंडुबाई चिकटली तेव्हा स्पीकर वाजला ना? म्हणजे मोठा झटका बसला की मोठा आवाज. मग रोज मशीन लावते, मिक्सर लावते, तेव्हा बारीक बारीक येतच असेल की. तो तुमचा चरचरीतपणा. मला मेलीला काय कळतंय म्हणा. आमटी वाढू?"

सरांचा घास हातातच राहिला. आमटी नको म्हणाले. रात्री दोनदा उठून त्यांनी फ्रिजला कान लावला.

सकाळी फोन गेला, दहाला बुद्धभूषण आला. त्यानं मीटरच्या वायरीचं एक टोक मशीनच्या पत्र्याला लावलं, दुसरं ओल्या भिंतीतल्या खिळ्याला. आकडा नव्वद व्होल्टवर गेला.

"सर, गळती हाय. लई जुनी. तिला जमिनीत जायला वाटच न्हाई, म्हणून भिंतीच्या ओलीतनं फिरतीया."

"म्हणजे माझ्या सिस्टिममध्येही शिरत असणार?"

बुद्धभूषणनं अक्काकडं पाहिलं. अक्का कोथिंबीर निवडत होत्या.

"जिथं वाट घावंल तिथं ती जानार, सर. तुमीच शिकवलंय."

सर ताडकन उठले. "सगळं वायरिंग काढून टाक. सगळं! ह्या बाजूला वेगळा खड्डा घे. ही घाण मला घरात एक मिनिट नको."

नऊ दिवस घर फोडलं गेलं. सासऱ्यांच्या लाकडी पट्ट्या निघाल्या, काळी बटणं निघाली. तीन भोकांचे प्लग आले. जरा कुठं गळती झाली की खटकन बंद पडणारा स्विच मीटरखाली बसला. सर जातीनं उभे होते. शेजाऱ्यांना बोलावून दाखवत, विजेची शुद्धी कशी मुळापासून करावी लागते. मशीनची अर्थिंग बुद्धभूषणनं दोनदा तपासावी म्हणून तेच मागं लागले. खड्ड्यासाठी मीठ लागलं, तेव्हा राजनंदिनीबाईंनी चटणीचं मीठ न मागताच आणून दिलं. दहा किलो. पाठोपाठ धोंडुबाईच्या घरी जाऊन आल्या. ती लगेच येते म्हणाली नाही. "आधी तुमी हात लावून दावा," म्हणाली.

रविवारी बैठक भरली. त्याच दिवशी मखमली डबीतून दुसरा निळा फ्यूज आला होता. बाण कुठं करायचा, ते आता ठरलेलं होतं. दार बंद झालं आणि भूप सुरू झाला.

स्वयंपाकघरात धोंडुबाई उंबऱ्याबाहेर उभी होती. मनगटाला अजून फडकं होतं. राजनंदिनीबाईंनी चपला काढल्या. पाट भिंतीला टेकवून ठेवला. फरशीवर त्यांनी मुद्दाम तांब्याभर पाणी ओतलं होतं, त्यात त्या उभ्या राहिल्या. मशीन चालू होतं. हात उचलला तर सवयीनं उलटाच निघाला. तो त्यांनी सुलटा केला आणि पूर्ण तळवा मशीनच्या पत्र्यावर टेकवला.

"नंदिनी!" सर पुढच्या खोलीतून ओरडले. "ऐकतेस ना? फरक कळतोय का?"

"कळतोय की!" तळवा न उचलता त्यांनी मोठ्यानं उत्तर दिलं. "जमीन-अस्मानाचा!"

"बघा, हिलासुद्धा कळलं," सर आत कुणाला तरी म्हणाले.

धोंडुबाईनं उंबऱ्यातून मान पुढं काढली. "काय लागतंय का ओ वैनी हाताला?"

"काही नाही गं," राजनंदिनीबाई म्हणाल्या. "नुसता पत्रा. ये, तू पण लाव."

धोंडुबाई आत आली. बराच वेळ विचार करून तिनं हात लावला. उलटा.